पित्ताची गोळी सुरू झाली, बंद कोण करणार?

आमच्या नात्यात असं एक घर दाखवा जिथे ती पट्टी नाही. फ्रिजवर, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, नाव काहीही असो, सगळ्यांसाठी ती 'पित्ताची गोळी'. माझ्या मावशीला ती गुडघेदुखीच्या गोळ्यांसोबत थोड्या दिवसांसाठी दिली होती. गुडघ्याच्या गोळ्या संपल्या, ही वर्षानुवर्षं चालू आहे. जुना कागद दाखवला की दुकानात नवी पट्टी मिळते. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो मावशीवर नाही. कुणीतरी सुरू केलेलं औषध थांबवायची जबाबदारी कुणाचीच नाही, यावर आहे.

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून ही गोळी नेमका कुठे हात घालते ते सांगते.

जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं. त्यातलं आम्ल ज्या पेशी बनवतात, त्यांच्यात प्रोटॉन पंप असतात. हे पंप हायड्रोजनचे आयन जठराच्या पोकळीत इतके ढकलतात की तिथलं त्यांचं प्रमाण रक्तापेक्षा दहा लाख पटींहूनही जास्त होतं. एवढं जहाल आम्ल शरीर कारणाशिवाय बनवत नाही. जठराचं हे काम डोळ्यांनी बारकाईने पाहिलं विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. 1822 साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात चुकून बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचा, किती विरघळले. उपाशी पोटी रस जवळजवळ नसतो, अन्न आत गेलं की झरायला लागतो, आणि माणूस चिडला तर पचनात फरक पडतो, हे त्याने टिपलं. 1833 साली ते पुस्तकरूपाने आलं. सेंट मार्टिनच्या मनाची मात्र फारशी कुणी पर्वा केली नाही. हे वर्गात सांगितल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.

पुढे पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर दाखवलं की खाल्लेला घास गळ्यातूनच बाहेर पडला, जठरापर्यंत पोचलाच नाही, तरी जठररस वाहतो. मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस नस कापली की हा रस थांबतो. पचनावरच्या कामासाठी त्याला 1904 चं नोबेल मिळालं. जेवणाच्या वेळच्या आम्लापैकी जवळपास तिसरा हिस्सा असा वासावर, चवीवर, नुसत्या विचारावर सुटतो. फोडणीचा वास आला की पोट कामाला लागतं ते उगाच नाही.

आता खरी गंमत. अन्न जठरात पोचलं की खालच्या भागातल्या पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. गॅस्ट्रिनमुळे शेजारच्या पेशींतून हिस्टामिन सुटतं आणि ते आम्लाच्या पेशींना जोर देतं. पण आम्ल पुरेसं साठलं की दुसऱ्या पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि गॅस्ट्रिन दाबलं जातं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक असतो ना, पाणी वर आलं की आपोआप नळ बंद करणारा, तसंच. आम्लच स्वतःला आवर घालतं.

गोळी पंप बंद करते. आम्ल वाढतच नाही, म्हणून तो आवरही लागत नाही. गॅस्ट्रिन चढं राहतं आणि हिस्टामिन देणाऱ्या पेशी वाढतात. अशात गोळी बंद केली की काही दिवसांनी आम्ल पूर्वीपेक्षा जोरात उसळतं. माणूस म्हणतो, 'बघा, मला गोळीशिवाय जमतच नाही.' 2009 साली डेन्मार्कमधून आलेल्या अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे ही गोळी दिली. बंद केल्यावर त्यांच्यातल्या 40 टक्क्यांहून जास्त जणांना जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ज्या त्रासावर गोळी घ्यायची, तो त्रास गोळी सोडतानाच तयार होऊ शकतो! हे किती रुग्णांना सांगितलं जातं?

त्यात पुन्हा अन्नातलं बी-12 जीवनसत्त्व मोकळं व्हायला आम्ल लागतं. शाकाहारी घरांत बी-12 आधीच कमी असतं, तिथे वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवणं मला काळजीचं वाटतं.

आणि घेण्याची वेळ तरी? ही गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करते, आणि पंप चालू होतात जेवल्यावर. तोवर ती रक्तात पोचलेली हवी, म्हणून ती खाण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. कितीतरी जण भरपेट जेवून, झोपताना घेतात. चुरून घेणारेही आहेत; तिच्यावरचं आवरण जठराच्या आम्लापासून तिला वाचवायला असतं, ते फोडून काय उपयोग?

हे औषध वाईट नाही. अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांना ते जीवदान देतं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या अनेक वयस्कांना ते विचार करूनच दिलेलं असतं. त्यांनी ही पोस्ट वाचून स्वतःहून बंद करू नये. बाकीच्यांनी पुढच्या वेळी पट्टी सोबत न्यावी आणि विचारावं: ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि सोडताना हळूहळू कशी कमी करू? डॉक्टर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, गोळीच्या नावापुढे ती थांबवायची तारीख लिहा. आणि दुकानदारांनो, त्या तारखेनंतर जुन्या कागदावर नवी पट्टी देऊ नका.