पाऊस छान झाला, नाही?

परवा ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये मला १० पैकी ३ मार्क पडले. हिशेबात नाही, वसुलीत नाही, स्मॉल टॉकमध्ये. माझ्या निम्म्या वयाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही डायरेक्ट हप्त्यावर येता. आधी थोडं वेदर, थोडं फूड. पगार, तब्येत, मुलंबाळं हे विषय टाळायचे." अठरा वर्षं वसुली करतोय बाप्पा, आणि आता बोलायला शिका!

तर काल मोटारसायकल चिखलातून ढकलत एका गावी गेलो. म्हशीच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेले काकाजी पानठेल्यावरच सापडले. पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. मी गाडी स्टँडवर लावली, हसलो आणि म्हणालो, "काकाजी, पाऊस छान झाला, नाही?"

घोटणं थांबलं. बाकावरचे चौघं माझ्याकडे वळले.

"कोनाले छान झाला?"

"म्हणजे... सगळ्यांनाच."

"माह्या सोयाबीनीत गुडघाभर पानी हाय. तुले छान काहून वाटून राह्यलं? तुही बँक गळत नाई म्हून?" मग बाकाकडे वळून, "पाऊस छान झाला म्हन्ते साहेब!" चौघंही हसले. पानठेलेवालाही हसला, जो एरवी उधारीच्या भीतीने कोणाकडे बघतही नाही.

रात्री चिडून या 'स्मॉल टॉक' शब्दाच्या मागे लागलो. मराठीत काय म्हणावं याला? शिळोप्याच्या गप्पांना निवांतपणा लागतो, चकाट्या पिटायला टोळकं लागतं. हवापाण्याच्या गप्पा, हे त्यातल्या त्यात जवळचं. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला आणि १९२३ मध्ये त्याने असल्या बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं भारदस्त नाव दिलं. काही सांगायला नव्हे, माणसामाणसातला धागा तुटू नये म्हणून बोललेलं. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज लेखकाने तर १७५८ मध्येच लिहून ठेवलंय की दोन इंग्रज भेटले की आधी हवेवरच बोलतात. बोलोत. आमच्याकडे हवा हा गप्पांचा विषय नाही, हवा म्हणजे दुबार पेरणी. मॅडमच्या स्लाइडवर छत्रीचं चित्र होतं. गुलाबी छत्री.

असो. वेदर बुडालं म्हणून मी फूडवर आलो. "जेवण झालं का काकाजी?"

"माहं झालं. तुहं? नाई ना? मंग चाल घरी." वर तिथल्या तिथे घरी फोन लावून भाकरी टाकायला सांगितली. मग मी सापडलोच आहे म्हटल्यावर, भाकरी होईस्तोवर त्यांनी पन्नी घोटत माझी चौकशी सुरू केली. पगार किती? हातात किती येते? पोट्टे किती? एकच? काहून, डॉक्टरले दाखवलं का? केस कायनं गेले? घर सोताचं हाय का किरायाचं? मॅडमच्या टाळायच्या यादीतला एकही विषय त्यांनी सोडला नाही आणि मीही मुकाट्याने, खरी उत्तरं देत गेलो. पगाराचा आकडा ऐकून बाकावरचा एक जण "च्" करून हळहळला. ते सगळ्यात जास्त लागलं.

भाकरी, ठेचा आणि वरून ताक पोटात गेल्यावर मी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं. "काकाजी, ते हप्त्याचं..."

काकाजींनी दारातून आभाळाकडे पाहिलं. अगदी निवांत.

"पाऊस छान झाला, नाई साहेब?"