माहेर तुटतं की तोडतात?

नाती बिघडली की आपण काय बोलतो ते जरा नीट ऐका. दुरावा आला, वितुष्ट आलं, मन उडालं, येणंजाणं बंद झालं. पंचगंगेला पूर यावा तसं सगळं आपोआप आलेलं, कुणी केलं त्याचं नावच नाही! पण बहिणीनं बापाच्या जमिनीत वाटा मागू दे, लगेच करणारी सापडते. "तिनं माहेर तोडलं."

करवीर, कागल, राधानगरी, कुठल्याबी गावात जावा. म्हातारा गेला की दिवसकार्य उरकतंय न उरकतंय तोवर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं फेऱ्या सुरू, आणि मग एक दिवस भाऊ बहिणीला गाडीवर बसवून रजिस्टर ऑफिसात आणतो हक्कसोड करायला, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद करायला. येताना मिसळ, जाताना साडी, विषय संपला. उसाचं रान, विहिरीचं पाणी, कारखान्याचं बिल दरसाल भावाला आणि तिला एकदाच साडी. कागदावर परत "स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय". ती पण हसतच सही करते कारण घरातल्या बायकांनी आधीच कानात सांगितलेलं असतंय, बाई चार गुंठ्यांसाठी माहेर तोडू नको. आता हा दबाव न्हाई तर काय लगा?

कायदा नाही असं पण नाही. आपल्या राज्यानं 1994 लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला (तेव्हा लग्न झालेल्या राहिल्या बाहेर), 2005 ला तो देशभर झाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला बाप हयात असो नसो, पोरीचा हक्क पोरासारखाच जन्मापासूनचा.

वाळीत टाकलं म्हटलं की निदान कळतं तरी कुणी टाकलं, गावानं, पंचांनी. त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत जेल नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. पण तो जातपंचायतीसारख्यांसाठी. वाटा मागितलेल्या बहिणीला भाऊबीजेला बोलवत नाहीत, भाच्याच्या लग्नाची पत्रिका येत नाही, समोरनं आली तर भावजय तोंड फिरवते, त्याला कुठलं कलम लावणार? त्याला आपण नुसता "अबोला" म्हणतो आणि तो पण तिच्यामुळंच.

ज्या भावानं आईबापाचं दुखणंखुपणं काढलं त्याचं ऐकायलाच पाहिजे, त्याचा खर्च, कष्ट सगळं धरा हिशोबात. पण हिशोब मांडा तरी! "तिच्या लग्नात खर्च केला" हे पटत नाही, लग्न काय फक्त तिचंच झालं? तुझ्या लग्नात मांडव, बँड, जेवणावळी कुणाच्या पैशानं झाल्या भावा?

परवा कट्ट्यावर हाच विषय निघाला. एकजण छाती काढून म्हणाला, आमच्या बहिणींनी कधी मागितलंच नाही. म्हटलं तू कधी द्यायला गेलतास काय? तर म्हणतोय, चहा सांगू का?