गोष्ट कच्ची, गाडी खरी

१९७१ सालचा ‘ल माँ’ हा मोटार रेसिंगचा इंग्रजी पिक्चर गोष्ट म्हणून पाहायला बसलं तर कंटाळा येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तेवढ्यावरून कॉमेंटमध्ये भांडण नको. अर्धा तास उलटून जातो तरी पडद्यावर कुणी धड संवाद बोलत नाही. गर्दी, तंबू, लाउडस्पीकरवरची अनाउन्समेंट, गाड्या पुसणं, पेट्रोल भरणं आणि स्टीव्ह मॅकक्वीनचं गप्प तोंड, एवढंच चालू असतं. हिरॉइन आहे, पण तिला काम असं काही नाही. आणि एवढं सगळं करून हिरो दुसरा येतो. आपल्याकडं टॉकीजला लावला असता तर इंटरव्हलच्या आधीच खुर्च्यांचा निकाल लागला असता.

तरी जगात कुठंही रेसिंगवेडा माणूस गाठा, हा पिक्चर त्यानं पाहिलेला असतो आणि नुसता पाहिलेला नाही, पाठ केलेला असतो. निळ्या-केशरी रंगाची ती पोर्शे ९१७ नुसती दिसली तरी गडी गहिवरतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली, किती चांगल्या गोष्टींचे रेसिंगचे पिक्चर येऊन गेले, पण ही माया काही आटत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये ब्रॅड पिटचा ‘एफ वन’ आला, तेव्हा आमच्या घरातली पोरं पहिल्यांदा या नादाला लागली. पिक्चर बघून आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हे असलं भारी सोडून त्या म्हाताऱ्या पिक्चरमध्ये काय ठेवलंय ओ?” त्याला तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे. ज्यांना सवड नाही त्यांनी लाइक करून पुढं जावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की रेसिंगवाले या जुन्या पिक्चरवर जीव टाकतात तो गोष्टीसाठी नाहीच. गोष्ट बहुतेक ठिकाणी कच्चीच आहे. पण कॅमेरा खरोखर तिथं गेला होता, खऱ्या गाडीला बांधलेला होता, आणि गाडी खरोखर पळत होती. त्या काळातले रस्ते, ते आवाज, ती माणसं आता कुठंच उरलेली नाहीत, या रिळांत तेवढी आहेत.

‘ल माँ’चंच घ्या. फ्रान्समधल्या ल माँ गावी चोवीस तासांची रेस होते. मॅकक्वीनच्या कंपनीनं १९७० च्या त्या खऱ्या रेसमध्ये एक पोर्शे ९०८ उतरवली आणि तिच्यावर कॅमेरे बसवले. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स हे दोघं ती चालवत होते. बाकीच्या गाड्या पिटमध्ये यायच्या पेट्रोल-टायरसाठी, ही यायची कॅमेऱ्यातली फिल्म बदलायला. थांबून थांबून तिचा एवढा वेळ गेला, की अंतर कमी पडलं आणि अधिकृत निकालात ती धरलीच गेली नाही. मॅकक्वीनला स्वतःलाही फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टबरोबर ती रेस पळवायची होती, पण विम्यावाल्यांनी हात वर केले. आता कुणी म्हणेल हिरो लोकांचे चोचले. तर त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या रेसमध्ये हाच माणूस मोडलेल्या पायाला प्लास्टर घालून पीटर रेव्हसनबरोबर दुसरा आला होता. पहिला कोण, तर मारिओ आंद्रेत्तीसारखा नावाजलेला ड्रायव्हर.

फेरारीनं या पिक्चरला गाड्या द्यायला नकार दिला, कारण गोष्टीत पोर्शे जिंकते. मग बेल्जियमच्या एका डीलरकडून फेरारी ५१२ आणल्या. डायरेक्टर जॉन स्टर्जेस मधेच सोडून गेला, पिक्चर ली कॅट्झिननं पुरा केला. पटकथा धड नव्हतीच. म्हणजे धंद्याच्या भाषेत सगळा बट्ट्याबोळ, आणि तिकीटबारीवरही आपटला. पण रात्रीच्या पावसात समोरच्या काचेवरून पाणी उडतंय, वायपर मागंपुढं होतोय आणि पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे पुसट होत जातात, तो तुकडा लावा आणि मग बोला. त्यात संवाद घालायला जागाच नाही.

माझी या वेडाची सुरुवात मात्र ‘ल माँ’नं झाली नाही. नव्वदीत केबलवर कार्टून नेटवर्क रात्री संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी लागायचं, जुने इंग्रजी पिक्चर. तिथं एका रात्री ‘ग्राँ प्री’ सापडला. १९६६ चा, जॉन फ्रँकनहायमरचा. पडद्याचे चार तुकडे, आठ तुकडे, एकात स्पार्क प्लग घट्ट करणारा हात, एकात टॅकोमीटरचा काटा, आणि मागं इंजिनांचा तो आवाज. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, काही अडलं नाही. आणि शेवटची इटलीतल्या मोंझाची रेस सुरू झाली तशी आमच्या भागातली लाइट गेली. कोण जिंकलं, कोण मेलं, हे मला कित्येक वर्षांनी डीव्हीडी मिळाली तेव्हा समजलं.

या ‘ग्राँ प्री’ला तीन ऑस्कर आहेत: एडिटिंग, साउंड आणि साउंड इफेक्ट्स. अभिनयाचं किंवा पटकथेचं एकही नाही, आणि ते बरोबरच आहे. यातला जेम्स गार्नर गाडी स्वतः चालवायचा. त्याला बॉब बॉन्ड्युरंट नावाच्या खऱ्या रेसरनं शिकवलं. कॅमेरा लावलेली फोर्ड जीटी ४० चालवायला होता फिल हिल, म्हणजे १९६१ चा वर्ल्ड चॅम्पियन! नटांच्या हातात दिलेल्या गाड्या मात्र खऱ्या फॉर्म्युला वनच्या नव्हत्या, दोन पायऱ्या खालच्या फॉर्म्युला थ्रीच्या गाड्यांना वरून एफ वनचा साज चढवलेला होता. भाच्या, तुझ्या ‘एफ वन’मध्ये काय केलंय? फॉर्म्युला टूच्या गाड्यांना वरून साज. साठ वर्षांत तेवढी एक पायरी वर चढलेत.

आणखी एक गंमत. पिक्चरमधल्या ब्रिटिश ड्रायव्हरच्या हेल्मेटवर स्कॉटिश चौकड्यांचा पट्टा आहे. तो जॅकी स्टुअर्टचा पट्टा. खऱ्या रेसमध्ये स्टुअर्टचं शूटिंग करायचं आणि पिक्चरमध्ये ते या नटाच्या नावावर खपवायचं, यासाठी केलेली युक्ती. पण त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पाला काय झालं बघा. पहिल्याच लॅपमध्ये पाऊस कोसळला आणि अर्ध्या गाड्या रस्ता सोडून गेल्या. स्टुअर्टची बीआरएम गाडी आदळली, स्टिअरिंगखाली तो अडकला आणि अंगावर पेट्रोल. ग्रॅहम हिल आणि आपला तो बॉन्ड्युरंट, दोघंही स्वतः घसरून तिथंच येऊन पडलेले, त्यांनी त्याला सोडवलं. कशानं? एका प्रेक्षकाच्या गाडीतला पाना मागून आणला आणि स्टिअरिंग काढलं. जगातली सगळ्यात महागडी रेस, आणि पाना प्रेक्षकाचा. पुढं स्टुअर्ट कितीतरी दिवस आपल्या गाडीत एक पाना चिकटपट्टीनं लावून ठेवायचा. रेसमधल्या सुरक्षेसाठी त्यानं जे रान उठवलं त्याचं मूळ त्या दुपारी आहे, आणि फ्रँकनहायमरचे कॅमेरे त्या दुपारी स्पाला हजर होते. पिक्चरमध्ये पावसाची रेस दिसते त्यात तिथलं खरं शूटिंग आहे.

इथंच मला जरा अडखळायला होतं. त्या पिक्चरमध्ये खरे ड्रायव्हर पाठीमागं वावरताना दिसतात. त्यातला जिम क्लार्क १९६८ ला जर्मनीतल्या हॉकेनहाइमला रेसमध्ये जिवानिशी गेला. ब्रूस मॅक्लारेन १९७० च्या जूनमध्ये गुडवुडला टेस्टिंग करताना, योखेन रिंड्ट त्याच सप्टेंबरात मोंझाला. आणि लोरेन्झो बांदिनी. पिक्चरमध्ये मोनॅकोच्या बंदरापाशी एक गाडी उडून समुद्रात पडते. पिक्चर लागला १९६६ च्या डिसेंबरात. १९६७ च्या मे महिन्यात खऱ्या रेसमध्ये बंदरापाशीच बांदिनीची गाडी उलटून पेटली आणि तीन दिवसांनी तो वारला. हे ठाऊक झाल्यावर ते दृश्य पूर्वीसारखं बघवत नाही. ‘ल माँ’च्या शूटिंगमध्ये तर डेव्हिड पायपर या ड्रायव्हरनं खरोखर पाय गमावला, गुडघ्याखाली कापावा लागला. मग आपण यावर प्रेम करतो म्हणजे नेमकं कशावर करतो?

आपल्या सोलापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावर मौत का कुआँच्या लाकडी जिन्यावरून वर चढून आपण सगळ्यांनी खाली बघितलेलं आहे. मोटारसायकलचा सायलेन्सर काढलेला. ती भिंतीवर चढली की कडेच्या फळ्या थरथरतात आणि ते थरथरणं हातातून दाढेपर्यंत जातं. ऑइल जळाल्याचा वास. पुढं झुकून कुणीतरी दहाची नोट धरतो, आणि तो पोरगा हँडल सोडून, भिंतीला आडवा, ती नोट बोटांतून अलगद काढून नेतो. शेजारचा माणूस ओरडतो, “पडतंय बे!” आणि पडू नये म्हणून त्यानंच रेलिंग घट्ट धरलेलं असतं. तो पडावा म्हणून कुणी तिकीट काढत नाही. पण पडण्याची सोयच नसती तर तिकीट काढलं असतं का, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. स्टुअर्टसारख्यांनी भांडून रेस सुरक्षित केली हे उत्तमच झालं. जुने दिवस परत यावेत असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते दिवस पिक्चरमध्येच बरे.

आता आवाजाविषयी, कारण खरा मुद्दा तोच आहे. आमचा एक मित्र पूर्व भागात पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. चाळीस माग एकदम खडखडत असले तरी कुठल्या मागाचा धोटा नीट जात नाही हे तो दारातूनच सांगायचा. इंग्रजीशी त्याचं वाकडं, घरी तेलुगू, बाहेर मराठी. ‘ग्राँ प्री’ त्यानं सबटायटल न वाचता बघितला आणि खूश झाला. मग एक नवा रेसिंगचा पिक्चर लावला तर दहा मिनिटांत म्हणाला, “हे खोटं आहे की. गिअर सहा वेळा टाकला आणि आवाज एकदाच बदलला.” रेसिंगवाल्यांची सगळी तक्रार या एका वाक्यात आली.

पिक्चरवाल्यांची एक खोड तर जगभर सारखीच. शेवटचा सरळ रस्ता, हिरो आणि व्हिलन बरोबरीनं, आणि मग हिरो दात-ओठ खात आणखी एक गिअर टाकतो, पाय आणखी दाबतो आणि सुळकन पुढं. अरे बाबा, मग इतका वेळ काय अर्धाच दाबून बसला होतास? आमच्या घरी हा सीन आला की सगळे एकसुरात हेच विचारतात.

याचा अर्थ नवे सगळे टाकाऊ असं नाही. ‘रश’ मला फार आवडतो. १९७६ ला जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर रेसमध्ये भाजलेला ड्रायव्हर निकी लाउडा ४२ दिवसांनी मोंझाला परत येऊन चौथा येतो आणि शेवटी जेम्स हंटकडून एका गुणानं चॅम्पियनशिप हरतो. असली गोष्ट लेखकानं रचली असती तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात. गोष्ट म्हणून तो या सगळ्यांत पहिला. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ही झकास, पण त्यातलं ल माँ अमेरिकेत उभं केलेलं आहे, आणि १९६६ च्या त्या रेसला फेरारी कंपनीचा एन्झो फेरारी प्रत्यक्षात गेलाच नव्हता, तो पिक्चरमध्ये उभा राहून टोपी काढतो. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, “मग? बसला असता घरी तर पिक्चर काय दाखवला असता?” तेही खरंच.

हिंदीत म्हणाल तर फिरोज खानचा ‘अपराध’ बघा. १९७२ चा, त्याचा डायरेक्टर म्हणून पहिलाच. हिरो रेसिंग ड्रायव्हर, सोबत मुमताज, आणि रेस चक्क जर्मनीत. बाकी पिक्चर तुमच्या श्रद्धेवर सोडतो, पण त्या काळात तिकडं जाऊन गाड्या पळवायची हौस त्या माणसाला होती. पुढं २००७ ला ‘तारा रम पम’ आला तेव्हा मी आशेनं गेलो. गाड्या कमी आणि घरगुती रडारड जास्त.

भाच्यासाठी एवढंच, की सुरुवात ‘रश’नं कर, मग ‘ग्राँ प्री’, आणि सगळ्यात शेवटी ‘ल माँ’. मोबाइलवर बघायचा नाही.

पुढच्या महिन्यात रेस नसलेला एक रविवार गाठून मित्राच्या वरच्या हॉलमध्ये ‘ग्राँ प्री’ लावतोय. जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा संध्याकाळी पाचला सुरू. चहा आणि शेंगापोळी आमच्याकडून. प्रोजेक्टर मिळालाय. स्पीकर निवडायचं काम जॉबरमित्रानं स्वतःकडं घेतलंय, त्यामुळं आजूबाजूच्यांना आत्ताच कळवून ठेवलेलं बरं. यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या.