'पास आउट'वरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार सर. इंग्रजीतल्या 'पास आउट'चे अर्थ सांगणाऱ्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं, दुसरा अर्थच नाही, कॉलेज झालेल्याला पासआउट म्हणणं अडाणीपणा आहे, आणि पुढं 'मराठवाड्यात शिकलेल्यांनी इंग्रजी शिकवायच्या भानगडीत पडू नये'. मुद्दा मांडायचा तर मांडा ना, त्यात मराठवाडा कामून आणला?

मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, पहिलीपासून तर 2000 साली आलं. एबीसीडी पाचवीत गिरवली, मग परभणीत भाड्याच्या खोलीत राहून इंग्रजी घेऊन बीए केलं अन् आता बारावीच्या पोरांना तेच शिकवतो. ज्यांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही अशा पोरांना शिकवणं काय असतं ते आधी वर्गात उभं राहून बघा, मग बोला. तुमची कमेंट माझ्या वर्गातल्या पोरींनी पण वाचली, ते जास्त लागलं.

आता अर्थाचं. बेशुद्ध पडणं हा अर्थ मी पहिलाच दिलाय. झेंडावंदनाला उन्हात उभी असलेली पोरगी चक्कर येऊन पडली, शी पास्ड आउट, हे उदाहरण पण तिथंच आहे, तुम्ही तेवढं सुद्धा वाचलं नाही. अन् 'दुसरा अर्थच नाही' हे कुठून आणलं? ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी उघडा, ब्रिटिश इंग्लिशमधे लष्करी कॉलेजचं ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडणं हा अर्थ सरळ दिलेला आहे. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढून कॅडेट बाहेर पडतात त्या परेडला पासिंग आउट परेडच म्हणतात. तोच अर्थ आपल्याकडं कॉलेजला पण लागला असं माझं मत आहे. नोकरीच्या जाहिरातीत '2024 पासआउट' असं छापून येतं, इंटरव्ह्यूला कोणत्या सालचा पासआउट म्हणून विचारतात, मग पोराला तो शब्द शिकवायचा नाही का?

एक मान्य. परदेशात बायोडाटा पाठवताना ग्रॅज्युएटेडच लिहावं, कारण अमेरिकेतला माणूस पास आउट वाचून चक्कर आल्याचंच धरेल, नाहीतर पेपर वाटप केल्याचं, तो पण त्याचा एक अर्थ आहे. ही ओळ पोस्टमधे वाढवतो.

बाकी फॉन्ट, जाहिराती, पोस्टची लांबी यावर जे लिहिलंय त्याला उत्तर देत बसत नाही. कमेंट मी डिलीट करणार नाही. मराठवाड्याचं ते वाक्य मात्र तुम्ही स्वतः काढा.