दिनेश पटेलचं नाव कुणाला आठवतंय का?

रिंकू सिंग म्हटलं की आपल्याला क्रिकेटर आठवतो. पण त्याच नावाचा अजून एक रिंकू होता, यूपीतल्या भदोहीचा, आणि त्याच्यासोबत दिनेश पटेल, वाराणसीकडच्या खेड्यातला. दोघं लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजात भालाफेक करायचे. २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटने भारतभर फिरून सगळ्यात जोरात आणि नेमका बॉल कोण टाकतो अशी स्पर्धा घेतली, हजारो पोरं आली, रिंकू जिंकला, दिनेश दुसरा. बेसबॉल काय असतो हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल क्लबने दोघांना साइन केलं!

मला बोलायचंय ते दिनेशबद्दल. भाला ८०० ग्रॅमचा, पळत येऊन सोडायचा, लांब गेला की झालं. पिचरला, म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला, पळायला जागाच नाही, मातीच्या उंचवट्यावर रबरी पट्टीला पाय टेकवून उभं राहायचं, दीडशे ग्रॅमच्या आतला बॉल, जवळपास साडेअठरा मीटरवर बॅटरजवळची ‘होम प्लेट’, आणि तो बॅटरच्या छाती ते गुडघा एवढ्याच पट्ट्यातून जायला हवा. समोरची पोरं हे पाच-सहा वर्षांची असल्यापासून करतायत. हा एकोणिसाव्या वर्षी शिकतोय, तेही भाषा येत नसताना.

२००९ आणि २०१० असे दोन सीझन तो फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीग खेळला. मायनर लीगची, म्हणजे मोठ्या क्लबांच्या खालच्या टीम जिथे खेळतात त्या लीगची, अमेरिकेतली सगळ्यात खालची पायरी, भर दुपारच्या उन्हात मॅच, बघायला जेमतेम माणसं. पगाराचं तर विचारूच नका, खालच्या लेव्हलला महिन्याला हजार-अकराशे डॉलर, तेही सीझनपुरतेच. पुढे खेळाडूंनी युनियन केली तेव्हा कुठे २०२३ मध्ये या पायरीवरचा किमान पगार वर्षाला ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाला, म्हणजे आधी काय हाल असतील बघा. २०१० च्या डिसेंबरात क्लबने दिनेशला सोडलं, तो घरी आला. रिंकू अजून काही वर्षं खेळला, मग दुखापती, मग डब्ल्यूडब्ल्यूई.

दिनेशला लोक ‘फेल गेला’ म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो. माझा मामेभाऊ जिल्ह्याच्या टीममधून खो-खो खेळला, आजही लग्नात कुणीतरी विचारतंच, पुढं का नाही गेलास रे? तो खांबापाशी कसा वळायचा हे कुणीच विचारत नाही. मी बघितलंय, एका हाताने खांब धरून अख्खं अंग जमिनीला समांतर.