आरओ लावला, पण मीठ गेलं कुठे?

“तिरुपूरच्या डाइंगवाल्यांनी आरओ लावला, सांडपाण्याचं शंभर टक्के शुद्ध पाणी केलं, प्रदूषण शून्य! आपले प्रोसेसवाले मात्र खर्चाचं रडगाणं गातात.” असा मेसेज सारखा फिरतो. (तिरुपूर तमिळनाडूत; डाइंगवाले, प्रोसेसवाले म्हणजे कापड रंगवणारे कारखानदार; आरओ म्हणजे दाबानं पाणी मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणारं यंत्र.) त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

‘लावला’ म्हणजे हौसेनं नव्हे. नोय्यल नदीत रंगाचं खारं पाणी उतरलं, खालच्या ओरतुपाळयम धरणात साचलं, तेव्हा शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शेकडो डाइंग युनिटं बंद करायला लावली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी आरओ होताच. घोडं अडलं होतं रिजेक्टपाशी, म्हणजे आरओतून मागे उरणाऱ्या खाऱ्या पाण्यापाशी.

‘शंभर टक्के’चा हिशेब करून पाहा. सुती कापडाला गडद रंग चढवायचा तर लिटरमागे 50 ते 80 ग्रॅम मीठ घालावं लागतं. धुण्याच्या पाण्यात मिसळून सांडपाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 6,000 मिलिग्रॅम धरू. असं 100 लिटर पाणी आरओत सोडलं आणि 85 लिटर चांगलं मिळालं, तर जवळपास सगळं 600 ग्रॅम मीठ उरलेल्या 15 लिटरमध्ये. म्हणजे लिटरला 40 ग्रॅम, समुद्राहून खारट! मेम्ब्रेन मीठ नाहीसं करत नाही, बाजूला सारतं.

आणि सांडपाणी थेट मेम्ब्रेनवर घेता येत नाही. आधी जैविक प्रक्रिया, रंग काढणं, अल्ट्राफिल्ट्रेशन (आरओआधीची बारीक गाळणी). मग एसडीआय चाचणी, म्हणजे पाण्यातला बारीक गाळ मेम्ब्रेन किती चोंदवेल याचा अंदाज: 0.45 मायक्रॉनच्या पांढऱ्या फिल्टर पेपरमधून 15 मिनिटं पाणी सोडायचं. पेपर तपकिरी होऊन चोंदला, तर मेम्ब्रेनचंही तेच होणार. आकडा 5 च्या आत हवा, 3 च्या आत असला तर ऑपरेटर निवांत. रंग घालवायला क्लोरीन वापरला असेल तर तोही आधी काढायचा, नाहीतर पॉलिअमाइड मेम्ब्रेन कामातून जातं.

राहिलं रडगाणं. आरओला हजार लिटरमागे काही युनिटं वीज पुरते. तेवढंच रिजेक्ट साध्या पद्धतीनं उकळून आटवायचं तर सहाशेच्या वर युनिटांइतकी उष्णता लागते. एमईईमध्ये, म्हणजे अनेक टप्प्यांत पाणी आटवणाऱ्या यंत्रात, तीच वाफ पुन्हापुन्हा वापरून ती कमी करतात, तरी खरा खर्च तिथेच.

तिरुपूरचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पाणी डाइंगला परत जातं, सोडियम सल्फेटही बरंचसं परत वापरतात. पण शेवटी उरणाऱ्या मिश्र मिठाला गिऱ्हाईक नाही. ते गोण्यांत भरून शेडमध्ये ठेवावं लागतं, आणि पाऊस लागला की त्याचं पुन्हा खारं सांडपाणी.