हीट पंपावर उकळतं पाणी ओतू नका

दर हिमवादळानंतर अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एक मेसेज फिरतो: 'स्नो साचला की हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून घर तापवणारं यंत्र) निकामी. इमर्जन्सी हीट (पंपाऐवजी विजेचा साधा हीटर) लावा, बाहेरच्या युनिटवर उकळतं पाणी ओता, उरलेला बर्फ ठोकून काढा आणि वर ताडपत्री टाका.' कळकळीनेच पाठवतात, पण यात नुकसान आहे.

आधी 'निकामी'चं बघू. थंडीत बाहेरच्या युनिटमधली कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, हवेतून उष्णता ओढते. त्यासाठी ती हवेहून गार असावी लागते, म्हणून हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं. पातळ पांढरा थर रोजचाच. तो घालवायला यंत्र आपणहून डीफ्रॉस्टमध्ये जातं: व्हॉल्व उलटतो, गरम रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) बाहेरच्या कॉइलमध्ये येतो, पंखा थांबतो, सूंऽ आवाज होतो आणि वाफेचे लोट उठतात. त्याला धूर समजून ब्रेकर पाडू नका, वितळणं अर्धवट राहतं. सहसा पाच ते पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. दोनेक तासांनंतरही कॉइल, जाळी आणि पंखा जाड बर्फातच असतील तर मात्र बिघाड धरा.

तेव्हाही टेक्निशियनला बोलावण्याआधी थर्मोस्टॅटवरून यंत्र बंद करून युनिटभोवती दोन फूट जागा फावड्याने मोकळी करा. मऊ झाडूने वरचा स्नो झटका. खालून पाणी निघायची वाट बुजली आहे का, ते वाकून बघा. वितळलेलं पाणी तिथेच पुन्हा गोठतं. आणि वर मान करून पाहा: छपराची पागोळी थेट युनिटवर पडत असेल तर दुखणं तिथेच आहे. एवढं करूनही बर्फ परत चढला, तर सेन्सर, कंट्रोल बोर्ड किंवा कमी झालेला रेफ्रिजरंट. ते काम आपलं नाही.

उकळतं पाणी कडाक्याच्या थंडीत तळाशी गोठतं आणि त्यात पंख्याची पाती अडकू शकतात. ठोकाठोकीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात, कॉइलला भोक पडलं तर खर्च हजारोंत. ताडपत्रीने हवाच कोंडते, आणि हवेवरच तर हे यंत्र जगतं.

इमर्जन्सी हीटचा सल्ला अर्धा खरा आहे. पंखा अडकला असेल तर ती जरूर लावा. खूप वेळ वीज गेली असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल गरम व्हायला अवधी लागतो, तेव्हाही काही मॅन्युअल हेच सांगतात. पण विजेचा साधा हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप शून्य अंश सेल्सियसच्या आसपासही दोन ते तीन देतो. यंत्र धड असताना आठवडाभर इमर्जन्सी हीट चालू ठेवली तर बिल कुठल्या कुठे जातं.

'थंड प्रदेशात हे चालतच नाही' असंही त्या मेसेजला जोडलेलं असतं. घरांच्या प्रमाणात हीट पंप सर्वाधिक आहेत ते नॉर्वेत. अमेरिकेच्या बर्फाळ मेन राज्याने २०२५ पर्यंत एक लाख पंपांचं लक्ष्य ठेवलं होतं, ते २०२३ मध्येच गाठलं. थंडीसाठी बनवलेली कित्येक मॉडेलं उणे २५ सेल्सियसपर्यंत घर तापवतात.